गहू सोडला, टीएसएच उतरला. श्रेय नक्की कोणाचं?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३६, वजन ५८ किलो. चार वर्षांपूर्वी हाशिमोटोचं (थायरॉइड ग्रंथी हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराचं) निदान झालं. थायरॉइडच्या ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीवर पहिली अडीच वर्षं बरी गेली. मग हिमोग्लोबिन ९.८ निघालं आणि लोहाची गोळी सुरू झाली. त्यानंतर थायरॉइडची गोळी ७५, मग १०० करत करत १२५ वर पोचली, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारा तो आकडा) ७.८! विसरायला नको म्हणून दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेत होते. पोट कायम फुगलेलं, केस मूठमूठ गळतात, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. सात आठवड्यांपूर्वी एका मैत्रिणीने सांगितलं, की ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, हेच थायरॉइडच्या आजाराचं मूळ आहे, तिने ते सोडलं आणि तिची गोळीच सुटली. मी त्याच दिवशी गहू बंद केला. पोटाला जड पडते म्हणून लोहाची गोळीही थांबवली आणि केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू केलं. परवाच्या तपासणीत टीएसएच ३.९ आला आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडींचा आकडा, ६४० वरून ५१० वर! रक्तातून केलेल्या फूड इनटॉलरन्स चाचणीतही गहू लाल रंगात आलाय. पोट हलकं वाटतं. नवऱ्याचं म्हणणं, हे सगळे मनाचे खेळ आहेत. तर आता थायरॉइडची गोळी बंद करू का? आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा गहू आतापासूनच बंद केला तर तिला हा आजार टळेल का?

उत्तर: गोळी बंद करू नका. हे आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं सावकाश वाचता येईल.

एवढ्या घाईने हे सांगण्यामागे कारण आहे. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमच्या थायरॉइडच्या गोळीतलं औषध, शरीरातून फार हळू ओसरतं. आज गोळी थांबवली तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक आठवडा लागतो. त्यामुळे गोळी सोडणाऱ्याला पहिले दोन-तीन आठवडे छानच वाटतं आणि 'बघा, काही झालं नाही' अशी खात्री पटते. मग थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, जड झालेलं डोकं एकेक करून परत येतं, आणि तोवर गोळी सोडल्याची आठवणही मागे पडलेली असते. तुमच्या मैत्रिणीची गोळी खरंच सुटली असेल तर मला आनंदच आहे, पण तिला हाशिमोटोच होता का, हे तुमच्या पत्रात नाही. प्रसूतीनंतर किंवा विषाणूच्या संसर्गानंतर थायरॉइडला तात्पुरती सूज येते, ती पुष्कळदा आपोआप निवळते आणि मग गोळीही सुटते. त्या काळात त्या माणसाने गहू सोडलेला असो की चित्रकला शिकायला घेतलेली असो, श्रेय त्यालाच जातं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना लक्ष गव्हाकडे गेलं, दुसऱ्यांदा 'दोन्ही गोळ्या एकदमच' या शब्दांवर अडकलं. लोह आणि लेव्होथायरॉक्सिन पोटात एकत्र आले की एकमेकांना चिकटतात आणि औषधाचा बराचसा भाग आतड्यात शोषलाच न जाता बाहेर पडतो. म्हणूनच दोन्हींमध्ये निदान चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. कॅल्शियमचंही तसंच. तुमचा क्रम बघा: अडीच वर्षं ५० वर सगळं स्थिर, मग लोह सुरू आणि तिथून पुढे डोस वाढतच गेला. हाशिमोटोमध्ये ग्रंथी हळूहळू निकामी होत असल्यामुळे डोस काही प्रमाणात वाढतोच, ते मी नाकारत नाही. पण ज्याची ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे अशा माणसालाही साधारणपणे दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम पुरतं. तुमच्या वजनाला ते ९३ च्या आसपास येतं. तुम्ही १२५ घेत होता आणि तरीही टीएसएच ७.८ होता. याचा अर्थ गोळी तोंडात जात होती, रक्तात पुरेशी पोचत नव्हती.

आता सात आठवड्यांपूर्वीचा तो दिवस. त्या दिवशी तुम्ही एक नाही, तीन गोष्टी बदलल्या.

गहू गेला. लोह गेलं, म्हणजे थायरॉइडच्या गोळीची वाट अडवणारं दूर झालं. टीएसएच खाली यायला एवढं एकच कारण पुरेसं आहे, आणि असा बदल रक्तात पूर्ण दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, तुमचे सात झाले आहेत. शिवाय लोहाच्या गोळीने पोट जड होणं, बद्धकोष्ठ होणं ही नित्याची तक्रार आहे, तेव्हा पोट हलकं होण्यातही तिचा वाटा असू शकतो. तिसरी गोष्ट बायोटिन. शरीराला त्याची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळ्यांत ते पाच हजार, दहा हजार मायक्रोग्रॅम असतं. अनेक प्रयोगशाळांची टीएसएच मोजण्याची पद्धतच बायोटिनच्या रेणूवर उभी आहे, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि थायरॉइडचं संप्रेरक खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे तुमचा ३.९ हा आकडा खरा आहे की नाही, इथपासूनच प्रश्न आहे. पुढच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. खरं सांगायचं तर ते कायमचंच बंद केलंत तरी माझी हरकत नाही. तुमचे केस बायोटिनवाचून गळत असतील असं मला वाटत नाही, लोहावाचून आणि थायरॉइडमुळे गळत असतील असं मात्र वाटतं.

अँटी-टीपीओ ६४० वरून ५१० झाल्याचा आनंद तुमच्याकडून हिरावून घ्यायला जिवावर येतं. पण हा आकडा असाच खालीवर होतो. कारण नसतानाही होतो. त्याचं काम निदानापुरतं: आजार ऑटोइम्यून आहे, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उठली आहे, हे तो सांगतो. तेवढं सांगून झाल्यावर तो पुन्हा पुन्हा मोजण्यातून फारसं काही हाती लागत नाही. उपचार टीएसएचकडे आणि तुमच्या तब्येतीकडे बघून ठरतात. आणि तो रंगीत तक्ता तर बाजूलाच ठेवा. त्या चाचणीत बहुधा आयजीजी जातीच्या अँटिबॉडी मोजतात आणि त्या आपण जे खातो त्याविरुद्ध सहजच तयार होतात. गहू लाल आला, म्हणजे तुम्ही गहू खात होतात, एवढं त्यातून कळलं. ते आपल्याला आधीच ठाऊक होतं.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल की बाई ग्लुटेनचा संबंधच उडवून लावतायत. तसं नाही. संबंध आहे आणि तुमच्या बाबतीत त्याचा शोध घ्यायला भक्कम कारणंही आहेत. फक्त त्याची वाट मैत्रिणीने सांगितली तशी नाही. ती सिलिअॅक नावाच्या आजारातून जाते.

सिलिअॅक म्हणजे निव्वळ 'गहू पचत नाही' असं नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाचे काही तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात, तिथलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम त्यांच्यात थोडा फेरफार करतं आणि त्या बदललेल्या रूपात ते काही विशिष्ट जनुकांच्या माणसांमधल्या संरक्षक पेशींना शत्रू वाटू लागतात. मग हल्ला होतो आणि त्यात आतड्याचं अस्तर सपाट होतं. अन्न शोषून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून जातात. लोह, फोलेट, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचं शोषण घटतं आणि लेव्होथायरॉक्सिनचंही घटतं, कारण तेही लहान आतड्यातच शोषलं जातं. जुलाब, वजन घटणं ही पुस्तकातली लक्षणं कित्येकांना नसतातच. न हटणारा अॅनिमिया किंवा सतत वाढवावा लागणारा थायरॉइडचा डोस, एवढंच दिसतं. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

यात माझीही एक चूक कबूल करायची आहे. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाचा डोस मी जवळजवळ दोन वर्षं वाढवत नेला. दर वेळी तिला विचारायचे, 'गोळी नीट घेता ना?' आणि दर वेळी ती 'हो' म्हणायची. मला ते मनातून खरं वाटायचं नाही. शेवटी एका पोटाच्या डॉक्टरांनी वेगळ्याच कारणाने एंडोस्कोपी केली आणि सिलिअॅक निघाला. गोळी ती खरोखरच नीट घेत होती. आतडं औषध घेत नव्हतं. गहू सुटल्यावर वर्षभरात तिचा डोस बराच खाली आला. मात्र गोळी सुटली नाही, आणि मैत्रिणीच्या गोष्टीत नेमका हाच भाग गाळला जातो. ग्रंथीच्या ज्या पेशी गेल्या त्या आहार बदलून परत येत नाहीत. सुधारतं ते औषधाचं शोषण.

हे दोन आजार एकत्र का आढळतात, तर त्यांची काही जनुकं सामाईक आहेत. एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही त्यातली मुख्य. टाइप १ मधुमेहही याच भावकीतला. जगभरात शंभरातल्या साधारण एका माणसाला सिलिअॅक असतो. ऑटोइम्यून थायरॉइड असलेल्यांमध्ये वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण दोन ते पाच टक्क्यांपर्यंत आलं आहे. २०१६ मध्ये अशा बऱ्याच पाहण्या एकत्र करून सहा हजारांहून अधिक रुग्णांचा हिशोब मांडला गेला, त्यात बायोप्सीने पक्का झालेला सिलिअॅक दर ६२ जणांमागे एकाला निघाला. म्हणजे उरलेल्या ६१ जणांच्या थायरॉइडला सिलिअॅकशी काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही त्या एकातल्या आहात की एकसष्टातल्या, हाच आपल्यापुढचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तपासणीने मिळतं, अंदाजाने नाही.

'ग्लुटेनचा रेणू थायरॉइडसारखा दिसतो, म्हणून शरीराची फसगत होते आणि ते ग्रंथीवर हल्ला करतं' ही गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल. ऐकायला फार सुबक आहे. पण माणसांत ग्लुटेनमुळे असं घडून हाशिमोटो होतो हे सिद्ध झालेलं नाही. 'एक घास खाल्ला की सहा महिने अँटिबॉडी वाढलेल्या राहतात' या वाक्याचीही तीच गत. सिलिअॅक नसलेल्या पण हाशिमोटो असलेल्या लोकांनी ग्लुटेन सोडल्यावर काय होतं, हे तपासणारे प्रयोग फार थोडे आणि लहान आहेत. २०१९ च्या एका अभ्यासात ३४ स्त्रिया होत्या. त्यातल्या ज्यांनी सहा महिने ग्लुटेन सोडलं त्यांच्या थायरॉइडच्या अँटिबॉडी घटल्या, संप्रेरकांची पातळी मात्र होती तिथेच राहिली. शिवाय त्या सिलिअॅकच्या अँटिबॉडी आधीच रक्तात असलेल्या स्त्रिया होत्या, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या कोणीही नव्हेत. २०२१ मध्ये ६२ स्त्रियांचा बारा महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ग्लुटेन सोडलेल्या आणि न सोडलेल्या गटांच्या अँटिबॉडींत फरक पडला नाही, ग्लुटेन सोडलेल्यांचा टीएसएच मात्र कमी झाला. एवढ्यावरून हाशिमोटोच्या प्रत्येक रुग्णाला गहू सोडायला सांगणं मला पटत नाही.

तुमच्या नवऱ्याशीही मी सहमत नाही. सिलिअॅक नसतानाही गहू खाल्ल्यावर पोट फुगणं, जडपणा, डोकं बधिर होणं हे अनुभवणारी माणसं आहेत, ती खोटं बोलत नसतात. मात्र दोषी दर वेळी ग्लुटेनच असतं असं नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करांची साखळी असते. ती आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. कांद्यालसणातही तीच असते. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी स्वतःला ग्लुटेन सोसत नाही असं मानणाऱ्या ५९ जणांना आळीपाळीने ग्लुटेन असलेले, फ्रुक्टान असलेले आणि दोन्ही नसलेले, पण चवीला सारखेच बार आठवडाभर खायला दिले. कोणत्या आठवड्यात काय, हे खाणाऱ्याला माहीत नव्हतं. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानने झाला, ग्लुटेनचा आणि कशाचाच नसलेला बार यांत फरक दिसला नाही. तेव्हा 'पोट हलकं वाटतं' हे तुमचं निरीक्षण मी जसंच्या तसं मान्य करते. त्याचं कारण ग्लुटेन, हा पुढचा उडीचा भाग मात्र नाही.

सिलिअॅक आणि गहू यांचं नातं ज्यांनी पक्कं केलं ते विलेम डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. त्यांना १९३० च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भीषण अन्नटंचाई झाली, गव्हाचं पीठ दिसेनासं झालं, आणि त्यांच्याकडची सिलिअॅकची मुलं मात्र त्या उपासमारीतही सुधारत होती. पण डिके एवढ्यावर थांबले नाहीत. पीठ पुन्हा मिळू लागल्यावर तीच मुलं पुन्हा आजारी पडतात का हे त्यांनी पाहिलं, नंतर गहू आलटून पालटून देऊन आणि काढून घेऊन मोजमापं घेतली आणि १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. सोडल्यावर बरं वाटलं ही अर्धी साक्ष. पुन्हा घेतल्यावर पुन्हा बिघडलं तर ती पुरी होते. तुमच्याकडे सध्या अर्धी आहे आणि तीही तीन साक्षीदारांची मिळून.

आता काय करायचं ते सांगते.

या आठवड्यातच आयजीए जातीची टीटीजी (वर सांगितलेल्या टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची) अँटिबॉडी आणि त्यासोबत एकूण आयजीए, या दोन रक्ततपासण्या करून घ्या. एकूण आयजीए अशासाठी, की सिलिअॅकच्या काही रुग्णांत आयजीए मुळातच बनत नाही, मग टीटीजी नकारात्मक येते आणि सगळे निर्धास्त होतात. एरवी ही तपासणी ग्लुटेन खात असतानाच करायची असते, आणि तुम्ही सात आठवडे खाल्लेलं नाही, इथे पंचाईत झाली आहे. तरीही करा. कारण सिलिअॅक असेल तर ही अँटिबॉडी पुरती उतरायला सहसा अनेक महिने लागतात, त्यामुळे आजही ती वाढलेली सापडू शकते. सापडली तर थेट पोटाच्या डॉक्टरांकडे जा. नाही सापडली तर मात्र 'मला सिलिअॅक नाही' असं समजू नका. तेव्हा डीक्यू२ आणि डीक्यू८ ची जनुकीय तपासणी करता येते. तिला आहाराचं बंधन नाही. ही जनुकं शंभरातल्या तीस-चाळीस जणांत असतात, म्हणून ती असली तर काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही नसली तर सिलिअॅकचा विषय जवळजवळ मिटला.

जनुकं असली आणि टीटीजी नकारात्मक असली, तर गहू पुन्हा सुरू करावा लागेल. हे वाचून कपाळाला आठ्या पडल्या असणार. दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणांत गव्हाचं काहीतरी, निदान सहा आठवडे, आणि मग पुन्हा रक्ततपासणी आणि गरज पडल्यास एंडोस्कोपीतून आतड्याच्या अस्तराचे नमुने. हे डॉक्टरांच्या देखरेखीत करा, त्रास फार झाला तर लवकर थांबता येतं. कटकटीचं आहे, मान्य. पण न तपासता जन्मभर अर्धवट पथ्य पाळणं हे दोन्हीकडून नुकसानीचं आहे. सिलिअॅक असेल तर 'सहसा गहू खात नाही' एवढं पुरत नाही, कणभर पीठही टाळावं लागतं. जिन्नसांवर ग्लुटेनमुक्त असं छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाने घातली आहे, ती उगाच नाही. आणि सिलिअॅक नसेल तर एवढा जाच कशाला सोसायचा? बाजारातल्या ग्लुटेनमुक्त तयार पदार्थांत तंतू कमी आणि साखर-चरबी जास्त असण्याचा संभव मोठा, तुमच्यासारख्या आधीच लोह कमी असलेल्या बाईने तर जपूनच.

एका गोष्टीबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून थोडं थांबते. हाशिमोटोच्या रुग्णांत सिलिअॅकपेक्षा कितीतरी जास्त वेळा आढळणारा पोटाचा आजार म्हणजे ऑटोइम्यून जठरदाह. यात हल्ला जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींवर होतो. आम्ल घटलं की लोह शोषलं जात नाही, बी१२ कमी पडतं आणि लेव्होथायरॉक्सिनची गोळीही नीट विरघळत नाही. तुमचं चित्र या आजारालाही तितकंच लागू पडतं, आणि त्याला गव्हाशी कर्तव्य नाही. सगळा उजेड ग्लुटेनवर पडल्यामुळे हा बिचारा अंधारात राहतो. म्हणून रक्त देणारच आहात तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ सुद्धा करा, आणि एंडोस्कोपीची वेळ आलीच तर जठर आणि लहान आतडं दोन्हींचे नमुने एकाच बैठकीत घ्यायला सांगा. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही डॉक्टरांना आपणहून सांगा. तुमच्या वयात हिमोग्लोबिन उतरण्याचं ते सर्वांत नेहमीचं कारण आहे, आणि थायरॉइड कमी असला की पाळी जड होऊ शकते.

हे होईपर्यंत थायरॉइडची गोळी पहाटे किंवा सकाळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर घ्या. पुढचा अर्धा-पाऊण तास काही नाही, कॉफीसुद्धा नाही. सकाळ जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर तीनेक तासांनी घेतली तरी चालते. लोह परत सुरू करा, पण दुपारी किंवा रात्री, गोळीपासून चार तास दूर. पोटाला झेपत नसेल तर दुसरा प्रकार किंवा एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा, बंद करू नका. हिमोग्लोबिन कुठे आहे ते तुम्ही कळवलं नाहीत, आणि गेले सात आठवडे लोह पूर्ण बंद आहे. थायरॉइडचं संप्रेरक ज्या एन्झाइमने बनतं त्यालाही लोह लागतं, हे जाता जाता.

मग सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक), बायोटिनशिवाय. इथे एक इशारा. गोळी आता पूर्ण शोषली जाऊ लागली असेल तर १२५ हा डोस तुम्हाला जास्त होईल. छाती धडधडली, हात थरथरले, झोप उडाली, घाम येऊ लागला तर आठ आठवडे वाट न बघता तपासा. डोस तेव्हा कमी होईल आणि बहुधा होईलच, पण तो डॉक्टर आकडा बघून कमी करतील. पुन्हा गरोदर राहण्याचा विचार असेल तर तेही त्यांना आधी सांगा, कारण तेव्हा टीएसएचचं लक्ष्य वेगळं असतं.

राहिली लेक. तिचा गहू बंद करू नका. ग्लुटेन टाळल्याने मुलांना पुढे थायरॉइडचा आजार होत नाही, असा पुरावा नाही. सिलिअॅकही तसा टळत नाही: घराण्यात तो असलेल्या बाळांना ग्लुटेन उशिरा सुरू करून पाहिलं, त्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये आला, आणि पाच वर्षांची होईपर्यंत आजाराचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. आज तुम्ही तिचा गहू थांबवलात तर उद्या खरंच शंका आली तेव्हा तिचीही तपासणी तुमच्यासारखीच अवघड होऊन बसेल. तिची उंची वर्गातल्या मुलींबरोबर वाढते आहे ना, एवढ्यावर डोळा ठेवा. उंची थबकली, रक्त कमी निघालं, पोट वारंवार दुखू लागलं किंवा ती सतत दमलेली दिसली तर टीएसएच आणि टीटीजी दोन्ही करून घ्या. आणि तुम्हाला सिलिअॅक निघालाच तर तिला काही होत नसलं तरी तिची टीटीजी एकदा करायची, कारण अशा रुग्णांच्या सख्ख्या नात्यात साधारण दहा-बारा जणांमागे एकाला तो सापडतो. तोपर्यंत तिच्या ताटातलं काही काढू नका.